कुष्ठधामाला कुलूप लागावं, पण आधी गावाचं दार उघडावं

शाळा बंद पडली की गावाला वाईट वाटतं. दवाखाना बंद पडला की मोर्चा निघतो. बँकेची शाखा हलली तर सरपंच तालुक्याला चकरा मारतात. पण एक संस्था अशी आहे, की ती बंद व्हावी म्हणूनच ती काढली गेली. ती संस्था म्हणजे कुष्ठधाम. आणि वर्धा जिल्ह्याच्या वाचकाला कुष्ठधाम म्हटलं की दुसरं नाव सांगावं लागत नाही, दत्तपूरच आठवतं.

गांधीजींची एक गोष्ट कुष्ठकार्यकर्ते नेहमी सांगतात. कुष्ठरोग्यांच्या दवाखान्याचं उद्‌घाटन करायला त्यांना बोलावलं, तेव्हा ते म्हणाले, उद्‌घाटनाला दुसरं कोणी बोलवा, कुलूप लावायचं असेल त्या दिवशी मला सांगा. गोष्ट लहान आहे, पण तिच्यात या कामाचा सगळा हिशेब आला. कुष्ठधाम किती मोठं झालं यावर त्याचं यश मोजायचं नसतं. ते किती लवकर रिकामं झालं, आणि तिथून निघालेला माणूस कुठं गेला, यावर मोजायचं असतं.

रिकामं होण्याचं काम औषधानं बरंचसं केलं. माणूस कुठं गेला हा प्रश्न मात्र औषधाचा नाही. तो तुमचा-आमचा, गावाचा आहे. म्हणून हा लेख शेतीच्या पानावर.

घर का काढावं लागलं?

आज ज्यांचं वय सत्तरीच्या पुढं आहे त्यांना विचारा. अंगावर चट्टा दिसला, बोटं वाकडी झाली, की त्या माणसाचं ताट वेगळं व्हायचं. मग खाट वेगळी, मग गोठ्यात मुक्काम, आणि शेवटी धुऱ्यावर किंवा गावाबाहेर एक झोपडी. विहिरीवर बंदी, देवळात बंदी, पंगतीत बंदी. मुलीचं लग्न ठरत नाही म्हणून बाप स्वतःच एका रात्री निघून जायचा. जायचं कुठं? तीर्थाच्या घाटावर, नाहीतर स्टेशनच्या पायरीवर, हातात कटोरा घेऊन.

कायदाही त्यांच्या बाजूचा नव्हता. इंग्रज सरकारनं १८९८ साली कुष्ठरोग्यांसाठी कायदा केला. त्यात रस्त्यावर भीक मागणाऱ्या रोग्याला पकडून आश्रमात डांबायची सोय होती, आणि काही धंदे करायला त्याला मनाई होती. त्याला बरं करायचं औषध मात्र तेव्हा कोणाकडंच नव्हतं. नॉर्वेच्या हॅन्सेन नावाच्या डॉक्टरनं या रोगाचा जंतू १८७३ सालीच शोधला होता. म्हणजे हा शाप नाही, पाप नाही, रक्तातून उतरलेला वारसा नाही, हे विज्ञानाला कळून चुकलं होतं. पण ते गावापर्यंत यायला शंभर वर्षं कमी पडली.

त्या काळात आपल्याकडं रोग्यांची सेवा करत होते ते मुख्यतः ख्रिस्ती मिशनरी. आपल्यातलं कोणी पुढं येत नव्हतं. आपल्या जिल्ह्याचं मोठेपण इथं सुरू होतं.

नालवाडी ते दत्तपूर

विनोबा भावे वर्ध्याजवळ नालवाडीला राहत होते. त्यांचे सहकारी आसपासच्या खेड्यांत फिरून ग्रामसेवेचं काम करत. या फिरण्यात मनोहर दिवाण यांना जागोजागी कुष्ठरोगी दिसले, कोणी हात न लावलेले. आपण हेच काम करावं असं त्यांच्या मनानं घेतलं. घरात आई होती. आईला ते सहज कसं पटावं? आपला धडधाकट मुलगा महारोग्यांत जाऊन राहणार म्हटल्यावर कुठली आई हो म्हणेल? पण आईची समजूत पटली आणि आशीर्वाद मिळाला. १९३६ साली काम सुरू झालं. महारोगी सेवा समिती, दत्तपूर ही संस्था ती.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. मनोहरजी डॉक्टर नव्हते. सूत कातणारा, खेड्यात राहणारा कार्यकर्ता माणूस. उपचार शिकले ते काम करता करता. औषध म्हणजे काय, तर कडू कवठाच्या जातीच्या बियांचं तेल. ते टोचायचं, चोळायचं. टोचताना दुखायचं, गुण यायला वर्षं लागायची, आणि पुष्कळांना गुण यायचाच नाही. उरलेलं काम म्हणजे जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, जेवू घालणं. आणि मुख्य म्हणजे माणसासारखं वागवणं.

पण नुसतं बसवून जेवू घालणं हे विनोबांच्या विचारात बसणारं नव्हतं. श्रम करून खायचं, हा तिथला नियम. म्हणून शेती आली, सूत आलं. ज्याच्या हातून गावात कोणी पाणी घेत नव्हतं, त्यानं पिकवलेलं धान्य इथं सगळे खाऊ लागले. शेतकरी बंधूंनो, याची किंमत तुम्हाला सांगायला नको. वावरात उभा राहिलेला माणूस भिकारी राहत नाही.

गांधीजी सेवाग्रामला होते, दत्तपूरपासून जवळच. रचनात्मक कार्यक्रमाची त्यांची जी पुस्तिका आहे, तिच्यात त्यांनी कुष्ठसेवेला जागा दिली आणि वर्ध्याजवळच्या या कामाचा, मनोहर दिवाणांच्या नावासकट, उल्लेख केला. हिंदी माणसानं केवळ सेवाभावानं चालवलेलं असं दुसरं काम त्यांना क्वचितच दिसलं होतं.

सेवाग्रामात खुद्द गांधीजींनी काय केलं तेही पुष्कळांना ठाऊक आहे. परचुरे शास्त्री हे संस्कृतचे मोठे पंडित. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींशी त्यांचा संबंध आलेला. कुष्ठरोग झाला तेव्हा ते सेवाग्रामला आले. आश्रमात लहान मुलं, बायामाणसं. ठेवावं की नाही असा पेच होता. गांधीजींनी त्यांना ठेवून घेतलं, आपल्या कुटीजवळ त्यांच्यासाठी कुटी उभी केली, आणि स्वतःच्या हातानं त्यांच्या अंगाला मालिश केली. ती कुटी आजही सेवाग्रामला पाहता येते. शास्त्रीजींचे अखेरचे दिवस दत्तपूरला गेले.

घरातून गावाकडं

दत्तपूरच्या या कामाचे धागे पुढं दूरवर गेले. बाबा आमटे यांनी वरोऱ्याला आनंदवन उभारलं १९५१ साली. पण त्याआधी ते दत्तपूरला येऊन मनोहरजींचं काम पाहून, शिकून गेले होते. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभं केलं. विदर्भात असा एक पट्टाच तयार झाला.

पण कितीही कुष्ठधामं काढली तरी देशातले सगळे रोगी त्यात मावणार थोडेच! शिवाय रोगी कुष्ठधामात पोचायचा तो हातपाय गेल्यावर. तोवर घरच्यांना लागण व्हायची ती झालेली असायची. पूर आल्यावर बांध घालण्यातला हा प्रकार.

तेव्हा उलटा विचार झाला, आणि तोही वर्ध्यातच. गांधी स्मारक निधीतून १९५१ साली गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झालं. त्याचं मुख्य ठिकाण वर्धा. डॉ. वार्डेकर यांनी सेवाग्रामच्या आसपासच्या गावांत नवी पद्धत बसवली. सर्वेक्षण, शिक्षण, उपचार. रोग्यानं दवाखान्यात यायचं नाही, कार्यकर्त्यानं सायकल काढून गावात जायचं. घरोघरी सगळ्यांचं अंग तपासायचं. चट्टा लवकर शोधायचा. लोकांना समजावून सांगायचं. आणि डॅप्सोनची गोळी त्याच्या घरीच द्यायची. रोगी घरात, शेतात, आपल्या माणसांत राहूनच बरा व्हायचा. १९५५ साली भारत सरकारनं राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला, तो याच वाटेनं गेला.

कुष्ठधामाला कुलूप लागण्याची सुरुवात खरं म्हणजे इथून झाली.

पुढं डॅप्सोन एकटं पुरेनासं झालं. जंतू त्याला दाद देईनात. कापसावरची अळी एकाच औषधाला सरावते, तसंच हे. मग १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेनं तीन औषधं एकत्र द्यायची शिफारस केली. रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन. यालाच आपल्याकडं बहुविध औषधोपचार म्हणतात. देशात ज्या पहिल्या जिल्ह्यांत हे औषध सुरू झालं, त्यांत आपला वर्धा जिल्हा होता. साल १९८१-८२.

फरक केवढा पडला बघा. त्या सुमारास देशात दर दहा हजार माणसांमागे सत्तावन्न-अठ्ठावन्न कुष्ठरोगी होते. २००५ च्या डिसेंबरात हे प्रमाण दहा हजारांमागे एकाच्याही खाली आलं. जिथं पूर्वी वर्षानुवर्षं, कधी जन्मभर गोळ्या खाव्या लागत, तिथं सौम्य रोगाला सहा महिने आणि जास्त रोगाला बारा महिने औषध पुरेसं झालं. तेही फुकट, प्राथमिक आरोग्य केंद्रात. वेगळा दवाखाना नको, वेगळा वॉर्ड नको, वेगळं घर तर नकोच नको.

मग घर बंद का होत नाही?

आता खरा प्रश्न. नवा रोगी कुष्ठधामात जाण्याचं कारण उरलेलं नाही. पण जुन्या पिढीतली जी माणसं अशा आश्रमांत राहिली, ती बरी झाली म्हणून घरी गेली का? बहुतेक गेली नाहीत. जंतू मेले होते, पण वाकडी बोटं सरळ झाली नव्हती. आणि गावाला जंतू दिसत नाहीत, बोटं दिसतात.

कोणाचा भाऊ म्हणाला, तू ये, पण पोरीचं लग्न होऊ दे. लग्न झालं, मग दुसरीचं निघालं. कोणाचं नाव रेशन कार्डातून कधी उडालं ते त्याला कळलं नाही. कोणाच्या वडिलांच्या मागं सातबाऱ्यावर वारसांची नावं चढली, त्यात त्याचं नाव नव्हतं. आश्रमातच लग्नं झाली, आश्रमातच म्हातारपण आलं. अशा माणसांसाठी कुष्ठधाम हा दवाखाना राहिला नाही. ते त्यांचं गाव झालं.

हे आपल्याकडंच घडलं असं समजू नका. जपानसारख्या पुढारलेल्या देशात कुष्ठरोग्यांना सक्तीनं आश्रमांत ठेवायचा कायदा थेट १९९६ पर्यंत होता. औषध निघून कितीतरी वर्षं झाली होती, तरीही. १९९६ ला कायदा गेला, फाटकं उघडली. २००१ साली कुमामोतोच्या न्यायालयानं सरकारला चूक ठरवून भरपाई द्यायला लावली. तरी पुष्कळ माणसं फाटकातून बाहेर पडली नाहीत. घरच्यांनी नातं तोडलेलं होतं, कित्येकांनी घराण्याला बट्टा नको म्हणून नावंसुद्धा बदलली होती. आता ती माणसं ऐंशीच्या पुढं आहेत आणि तिथंच राहतात. कायद्यानं कुलूप काढता येतं. वाट पाहणारं माणूस कायद्याला आणता येत नाही.

म्हणजे कुष्ठधाम बंद होण्याचे रस्ते दोन. एक, म्हातारी माणसं एकेक करून जातील, कार्यकर्ते थकतील, अनुदान आटेल, आणि एक दिवस गवत वाढलेल्या अंगणाला कुलूप लागेल. याला बंद पडणं म्हणतात. दुसरा रस्ता, नवा माणूस घरातच बरा होईल, जुन्या माणसाला त्याचा हक्क आणि मान मिळेल, आणि जो जाऊ शकतो तो आपल्या गावी जाईल. याला काम पुरं होणं म्हणतात. मनोहरजींनी घर काढलं ते या दुसऱ्या दिवसासाठी.

सरपंच, तलाठी, ग्रामसेवक यांच्यासाठी

तुमच्या हातात काय आहे ते पाहू. पुष्कळ आहे.

पहिलं जमिनीचं. कुष्ठरोग झाला म्हणून वारसाहक्क जात नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या २८ व्या कलमात स्वच्छ म्हटलं आहे की कुठल्याही रोगामुळं किंवा व्यंगामुळं कोणी वारसा मिळवायला अपात्र ठरत नाही. वारसाची नोंद करताना एखादा भाऊ किंवा बहीण आश्रमात आहे असं कळलं, तर त्यांचं नाव सोडून फेरफार करणं बरोबर नाही. घरच्यांनी सांगितलं नाही तरी गावात विचारा. गावाला सगळं ठाऊक असतं.

दुसरं संसाराचं. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून आपल्या विवाह कायद्यांत होतं. २०१९ साली संसदेनं ते काढून टाकलं. आता नवऱ्याला किंवा बायकोला कुष्ठरोग झाला एवढ्या कारणावरून घटस्फोट मिळत नाही. समझोत्याला बसणाऱ्या तंटामुक्तीच्या मंडळींनी हे लक्षात ठेवावं. इंग्रजांचा तो १८९८ चा कायदाही २०१६ साली रद्द झाला.

तिसरं मदतीचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कुष्ठरोगातून बरे झालेल्या, पण हातापायात व्यंग किंवा बधिरपणा राहिलेल्या माणसांचा समावेश आहे. त्यांना दिव्यांगाचं प्रमाणपत्र मिळू शकतं. संजय गांधी निराधार योजनेतही कुष्ठरोग्यांचा समावेश आहे, अर्ज तहसील कार्यालयात करायचा. ज्याच्या बोटांना पेन धरता येत नाही, त्याचा अर्ज कोणी तरी भरून द्यायला हवा. अंगठ्याचा ठसा मशीनवर उमटत नसेल तर रेशनच्या दुकानातून त्याला परत पाठवू नका. दुसरी सोय काढा.

चौथं, ३० जानेवारी. गांधीजींची पुण्यतिथी हा आपल्या देशात कुष्ठरोग निवारण दिन असतो. २०१७ पासून त्या दिवशी स्पर्श नावाच्या मोहिमेत ग्रामसभेत कुष्ठरोगाबद्दल निवेदन वाचायचं असतं. नुसतं वाचून रजिस्टरवर सह्या घेऊ नका. आपल्या गावचं कोणी आश्रमात आहे का, असा साधा प्रश्न त्याच सभेत विचारा.

वावरात काम करणाऱ्यासाठी

रोग संपला असं मात्र समजू नका. अजूनही देशात दरवर्षी लाखाच्या आसपास नवे रोगी सापडतात. जगातल्या नव्या रोग्यांपैकी निम्म्याहून जास्त आपल्याकडचे. त्यात पूर्व विदर्भ मागं नाही.

ओळखायचं कसं? अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा. खाजत नाही, दुखत नाही. त्यावर पिसानं किंवा कापसाच्या बोळ्यानं हळूच स्पर्श केला तर कळत नाही. त्या जागी घाम येत नाही, केस झडतात. दुखत नाही म्हणूनच लोक त्याच्याकडं पाहत नाहीत, आणि तिथंच घात होतो. पांढरं कोड वेगळं. कोडाच्या जागी स्पर्श कळतो, आणि तो कुष्ठरोग नाही. कानाच्या पाळ्या जाड होणं, तळहात-तळपाय बधिर होणं, हातातून वस्तू निसटणं, पायातली चप्पल चालताना निघून जाणं आणि न कळणं, हीही लक्षणं आहेत. काही दिसलं तर आशाताईला सांगा किंवा आरोग्य केंद्रात जा.

हा रोग स्पर्शानं झटकन लागत नाही. शंभरातल्या पंच्याण्णव माणसांत त्याला तोंड देण्याची शक्ती उपजतच असते. लागण होते ती उपचार न घेतलेल्या रोग्याच्या दीर्घ सहवासात, मुख्यतः श्वासावाटे. आणि लागण झाल्यावर रोग दिसायला पाच वर्षं, कधी वीस वर्षंही लागतात. औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत त्या माणसापासून लागण होत नाही. घरातल्या आणि शेजारच्या माणसांना रिफाम्पिसिनचा एक डोस देऊन रोग रोखायची सोयही आता सरकारी कार्यक्रमात आहे. तो डोस मागून घ्या, लाजू नका.

ज्यांच्या हातापायांना बधिरपणा आला आहे त्यांनी काम सोडायची गरज नाही, पण काळजी हवी. पऱ्हाटीची फणकटं, तुरीची खुटं बधिर पायात शिरतात आणि कळत नाहीत. अनवाणी वावरात जाऊ नका. कुष्ठरोग्यांसाठी मऊ रबराची खास चप्पल मिळते, ती वापरा. कुदळ-विळ्याच्या मुठीला कापड गुंडाळा. चुलीवरचं भांडं हातानं उचलू नका. रोज संध्याकाळी पाय पाण्यात भिजवा, तेल लावा, आणि तळवे डोळ्यांनी बघा. हात-पाय एकदम दुखायला लागले, चट्टे सुजले, डोळे लाल झाले तर थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. वेळेवर औषध मिळालं तर बोटं वाचतात. आणि बोटं वाचली तर त्या माणसाला कोणी गावाबाहेर काढत नाही.

मनोहर दिवाणांनी १९३६ साली दार उघडलं, कारण गावोगावची दारं बंद होती. त्यांच्या कामाची परतफेड पुतळ्यानं होणार नाही, हारानंही होणार नाही. तुमच्या गावातून गेलेलं माणूस अजून हयात असेल तर त्याचं नाव काढा, चौकशी करा, दिवाळीला भेटून या. सातबाऱ्यावर त्याचा हिस्सा असेल तर तो त्याला दाखवा. तो येईल की नाही हे त्यानं ठरवावं. बोलावणं मात्र आपल्याकडून गेलं पाहिजे.